मदतीचं दार वेगळं, खरेदीचं दार वेगळं

आमचा ग्रामसंघ, म्हणजे महिला बचत गटांचा मिळून केलेला संघ, खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा खाली येऊन चासकमानच्या धरणात अडते, त्या मधल्या गावांत आमचे बचत गट आहेत. भात, नाचणी, वरई आणि खुरासणी ही इथली पिकं. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला चाकण एमआयडीसी. आमच्याकडे घरटी एक तरी पोरगा तिथे कंत्राटी कामाला असेल, पण आमच्या शेतातला दाणा कधी त्या गेटच्या आत गेला नव्हता. आता जातो. तो कसा जायला लागला, त्यात एका मोठ्या कंपनीने काय केलं आणि काय तिला कायद्यानेच करता येत नव्हतं, ते लिहून ठेवते आहे. दुसऱ्या तालुक्यांतल्या ग्रामसंघांच्या ताया फोन करून हेच विचारतात. मी ग्रामसंघाची लिपिका आहे, त्यामुळे या कामातला प्रत्येक कागद माझ्या हातून गेला.

कंपनी आमच्याकडे आली ती २०२२ च्या पावसाळ्यानंतर. पुढचं २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, आणि एरवी ज्या नाचणीला कोणी विचारत नव्हतं तिच्याबद्दल सगळे बोलायला लागले होते. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा कायदा १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातली एक जरी अट पुरी झाली तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही त्यात म्हटलं आहे. चाकणच्या कारखान्यांचा परिसर म्हणजे आम्हीच. हे मला आधी माहीत असतं तर आम्ही त्यांची वाट बघत बसलो नसतो. म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिल्यांदा सांगते.

मग कळलं की तो पैसा आमच्या खात्यावर येणार नाही. कंपनी एकतर स्वतः काम करते, नाहीतर नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ च्या, म्हणजे ना-नफा कंपनीमार्फत करून घेते. त्या संस्थेकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक असावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता. पुण्याची एक संस्था मध्ये आली. तिच्या माणसांनी आमचं दप्तर तपासलं: ठराववही, तीन वर्षांचं लेखापरीक्षण, बँकेचं पासबुक आणि ग्रामसंघाच्या नावाचं पॅन कार्ड. पॅन आमच्याकडे होतं म्हणून बरं. ग्रामसंघाचं पॅन व्यक्तींच्या समूहाच्या प्रकारात निघतं. ज्यांच्याकडे ते नसतं त्यांचं घोडं तिथेच अडतं आणि दोन-तीन महिने जातात.

करारनाम्याचा मसुदा आला तेव्हा मी तो सभेत मोठ्याने वाचला. एक एक कलम मराठीत समजावून सांगितलं. त्यात लिहिलं होतं की मशिनरी संस्थेच्या मालकीची राहील आणि ग्रामसंघाला वापरायला दिली जाईल. आमच्या एक मावशी, ज्या सभेत सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘उद्या यांनी उचलून नेलं तर आपण काय करणार?’ बरोबर होतं त्यांचं. जानेवारी २०२१ मध्ये नियमांत बदल झाला आहे. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे त्यांच्या बचत गटाच्या किंवा सामूहिक संस्थेच्या नावावर ठेवता येते, कंपनीच्या नावावर मात्र ती राहू शकत नाही. आम्ही तेवढी एकच दुरुस्ती मागितली. संस्थेच्या हिशेबनिसांनी आधी कुरकुर केली, नियम दाखवल्यावर मान्य केलं. मशीन आमच्या मालमत्ता नोंदवहीत चढलं. ज्या वस्तूच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही करणार, तिची मालकी आमची असली पाहिजे, यावर आमच्या सभेत कोणाचंही दुमत नव्हतं आणि आजही नाही.

आता मशीन कोणतं, हा प्रश्न. पाहणीला आलेली मंडळी चांगली होती, मनापासून ऐकत होती. त्यांच्याकडे एक छापील तक्ता होता: पापड मशीन, शेवया मशीन, बेकरीची भट्टी, पॅकिंग. ‘तुम्हाला कशाची गरज आहे?’ असं त्यांनी विचारल्यावर बायकांनी एका सुरात सांगितलं, ‘गिऱ्हाइकाची.’ तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. कंपनीच्या सीएसआर विभागाच्या मॅडमनी ते शेऱ्यात लिहून घेतलं. त्या शेऱ्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी मशीन.

आम्ही मागितलं खडे काढायचं मशीन, ज्याला डिस्टोनर म्हणतात. त्यांना वाटत होतं की भट्टी घेतली तर बिस्किटं होतील आणि बिस्किटं विकली जातील. पण आमची खरी अडचण कच, म्हणजे धान्यातले बारीक खडे, हीच होती. नाचणी खळ्यावर झोडपतात, जमिनीवर वाळवतात. दाणा मोहरीएवढा, त्यात येणारा खडाही तेवढाच आणि रंगानेही तसाच तांबूस. सुपात पाखडून फोल आणि कोंडा जातो, खडा राहतो. खडा काढायचा तर नाचणी पाण्यात रोळायची, पुन्हा वाळवायची. घरच्या दोन पायल्या बाई रोळून घेते, पोत्यांच्या हिशेबात ते होत नाही. आणि पावसाळी हवेत वाळवताना जरा ओल राहिली की पिठाला वास. भाकरीत एक कचका दाताखाली आला की माणूस ते पीठ पुन्हा घेत नाही. शहरातल्या प्रदर्शनांत आमच्या पिठाबद्दल हीच तक्रार यायची. पापड, लाडू, बिस्किट काहीही करा, पाया तोच होता.

संस्थेच्या माणसांना आम्ही एका बाईच्या घरी नेलं, तिची न रोळलेली नाचणी जात्यावर दळून भाकरी करून वाढली. पुढे वाद झाला नाही.

डिस्टोनर चालताना बघण्यासारखा असतो. तिरकी जाळी थरथरत असते आणि खालून वाऱ्याचा झोत येतो. नाचणी हलकी, ती वाऱ्यावर किंचित उचलली जाऊन उताराने खाली येते. खडा जड, तो जाळीला चिकटून राहतो आणि थरथरीने चढाच्या बाजूला सरकत वरच्या तोंडातून बाहेर पडतो. पहिल्या दिवशी स्वच्छ दिसणाऱ्या नाचणीच्या पोत्यातून निघालेले खडे आम्ही ताटात घेऊन सगळ्यांना दाखवले. म्हाताऱ्या बायका ते बोटाने चाळून बघत होत्या.

मोटर किती अश्वशक्तीची, यावरही बोलणं झालं. मोठं मशीन तीन फेजचं होतं. आमच्या वाडीवर तीन फेज लाईन आणायची म्हणजे वेगळा अर्ज, अनामत आणि खांब. शिवाय पावसाळ्यात दाब इतका कमी-जास्त होतो की मोटर जळायची भीती. आम्ही सिंगल फेजवर चालणारी लहान मशीनं मागितली: डिस्टोनर, भाजायचा रोस्टर, दळायचा पल्व्हरायझर आणि पिशवी बंद करायचा सीलर. एकूण क्षमता कमी झाली, पण चालू राहतील अशी यंत्रं मिळाली.

पैसे आले फेब्रुवारीच्या शेवटी. त्यानंतरची मार्चअखेरची हातघाई ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. चालू वर्षाच्या मंजूर कामाचा पैसा वर्षात खर्च झाला नाही तर कंपनीला तो सरकारी निधीत किंवा, काम पुढे चालणारं असेल तर, वेगळ्या बँक खात्यात वळवावा लागतो. म्हणून सगळ्यांना ३१ मार्चच्या आत बिलं हवी असतात. तीन दरपत्रकं, खरेदी समितीचा ठराव, बिल, फोटो आणि उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळं त्या घाईत झालं. नाचणी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला येते. त्यामुळे मशीन आलं तेव्हा कोठीत माल नव्हता. उद्घाटन झालं, फलक लागला. मधल्या महिन्यांत आम्ही गावातल्या लोकांचं घरचं धान्य पैसे घेऊन साफ करून दिलं आणि त्यातून निदान विजेचं बिल निघालं. कंपन्यांना माझं सांगणं आहे की शेतमालाच्या कामाचा पैसा सप्टेंबरात द्या. आमचं वर्ष एप्रिलला सुरू होत नाही.

या प्रकल्पात खेळतं भांडवल मिळत नाही, ही दुसरी मोठी अडचण. शेतकरी नाचणी रोख मागतो आणि ते बरोबरच आहे, दिवाळीनंतर त्याच्या हातात तेवढाच पैसा असतो. वर्षभर पुरेल एवढा माल त्या दोन महिन्यांत घ्यावा लागतो. इथे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतलं बीज भांडवल कामी आलं. तेव्हा अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सभासदाला ४० हजार रुपयांपर्यंत मिळायचं आणि ते संघाच्या मार्फत फिरवता यायचं. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुक्यातल्या ताईंनी ते प्रस्ताव करून घेतले. उरलेल्याची तोंडमिळवणी गटांनी आपापल्या बचतीतून केली. २०२३-२४ च्या हंगामात केंद्राचा नाचणीचा हमीभाव क्विंटलला ३,८४६ रुपये होता. आम्ही त्याच्या वर भाव दिला, पण माल वाळलेला हवा अशी अट घातली.

आता तो शेरा. बायकांनी मागितलेलं गिऱ्हाईक.

मला सरळ वाटलं होतं की कंपनीत एवढे कामगार जेवतात, तर त्याच पैशातून कंपनी आमचा माल घेईल. सीएसआरच्या मॅडमनी नीट समजावलं की ते होणार नाही. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ज्याचा फायदा होतो तो खर्च सीएसआर धरलाच जात नाही. दिवाळीला कामगारांना वाटायला आमचे लाडू त्या पैशातून घेता येत नाहीत. म्हणजे मशीन देणारं खातं आणि माल घेणारं खातं ही दोन वेगळी दारं आहेत, आणि एका दारातून आत गेलेल्या माणसाला दुसऱ्या दारावर कोणी ओळखत नाही. मॅडमनी एक काम केलं, ज्याचं मोल मला मशीनपेक्षाही जास्त वाटतं. त्या आम्हाला घेऊन खरेदी विभागाच्या साहेबांसमोर बसल्या.

तिथे तिसरंच कळलं. कँटीन कंपनी चालवतच नाही, कंत्राटदार चालवतो. तांदूळ-डाळीपासून लोणच्यापर्यंत काय आणायचं ते तो ठरवतो आणि त्याला ताटामागे ठरलेला दर मिळतो. त्या दरात आमचं नाचणीचं पीठ बसेना. भाकरी करायला माणूस लागतो, चपातीसारखी ती यंत्रावर निघत नाही. पापड तेल फार पितो म्हणून तो नाही. मग आम्ही खुरासणीची चटणी नेली. खुरासणी भाजून, लसूण-मिरची आणि मीठ घालून केलेली काळी चटणी आमच्याकडे रोजच्या ताटात असते. कँटीनमध्ये विदर्भ-मराठवाड्याची मुलं बरीच. त्यांनी तिला कारळ्याची चटणी म्हणून ओळखलं आणि मागून घेतली. चटणी ताटाला चमचाभर लागते, त्यामुळे दरात बसली. दुसऱ्या पाळीच्या चहाबरोबर नाचणीचा गुळातला लाडू ठेवून बघितला, तोही चालला. कंपनीच्या साहेबांनी कंत्राटाच्या नूतनीकरणात एक ओळ घातली, की या दोन वस्तू परिसरातल्या महिला गटांकडून घ्याव्यात. दर आमचा आणि कंत्राटदाराचा आपसात ठरला. साहेब त्यात पडले नाहीत आणि ते मला योग्य वाटलं. भीक म्हणून घेतलेला माल पुढच्या वर्षी बंद होतो.

पुरवठादार म्हणून नाव लागायचं तर कागद पुन्हा लागले. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केली, त्यात बचत गट हा प्रकार निवडता येतो. अन्नसुरक्षा नोंदणी आधीच होती. त्या वेळी १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणी पुरायची, त्यापुढे परवाना. जीएसटी क्रमांक नाही म्हणून त्यांच्या संगणकात अर्ज पुढे सरकत नव्हता. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असल्याने आम्हाला तो घेणं बंधनकारक नाही, असं हमीपत्र दिल्यावर सरकला. पिठाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात ओलावा, राख असे आकडे येतात. त्यातली ‘आम्लात न विरघळणारी राख’ ही ओळ मी आधी बघते, कारण वाळू-माती पिठात किती राहिली ते त्या आकड्यावरून कळतं. डिस्टोनरनंतरचा आकडा मर्यादेच्या आत आला. ज्या बायकांनी त्या मशीनसाठी आग्रह धरला होता त्यांना मी तो अहवाल वाचून दाखवला.

कंपनीतली माणसं ‘स्वयंसेवक’ म्हणून येतात तेव्हा बहुतेक वेळा भिंत रंगवतात, झाडं लावतात आणि जातात. आमच्याकडे गुणवत्ता विभागातले एक इंजिनियर वेगळ्या रीतीने आले. शनिवारी यायचे, बायकांत बसायचे, आधी काम बघायचे. त्यांनी एक साधी वही सुरू करून दिली. प्रत्येक घाण्याला क्रमांक, खुरासणी कोणत्या गटाकडून आली, कधीची, किती भाजली, कोणी भाजली, वजन किती भरलं, आणि त्या घाण्यातली एक छोटी बरणी तारीख लावून फडताळात जपून ठेवायची. आमच्या बायकांना सुरुवातीला ते लिहिणं जड गेलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी खुणा ठरवल्या.

त्या वहीने आम्हाला वाचवलं. एका आठवड्यात कँटीनमधून निरोप आला की चटणी कडू लागते आहे, सगळा माल परत न्या. आम्ही डब्यावरचे क्रमांक विचारले. कडू डबे एकाच घाण्याचे निघाले. वहीत बघितलं तर ती खुरासणी आदल्या वर्षीची होती. तेलबी जुनी झाली की खवट होते, भाजल्यावर ते अधिकच कळतं. तेवढेच डबे परत घेतले, बदलून दिले, आणि बाकीचा माल तसाच चालू राहिला. तेव्हापासून खुरासणी घेताना आम्ही दाणा चावून बघतो.

मग पैशाचं. पहिलीच बिलं अडकली. ठरले होते तीस दिवस, कंत्राटदार म्हणायचा कंपनीकडून आले की देतो. इकडे गूळवाल्याची उधारी वाढत होती आणि भाजणी करणाऱ्या बायकांची मजुरी थकली होती. बायका रोज मला विचारायच्या आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. संस्थेच्या हिशेबनिसांनी कायदा दाखवला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रारीसाठी तेव्हा समाधान हे सरकारी संकेतस्थळ होतं. आम्ही तक्रार केली नाही. उद्यम क्रमांक आणि कलम घालून एक सभ्य पत्र कंत्राटदाराला दिलं आणि त्याची प्रत कंपनीच्या खरेदी विभागाला. पैसे आले. पुढे आयकर कायद्यातली तरतूदही लागू झाली, की अशा उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बाकी किती आहे ते विचारायला कंत्राटदाराच्याच कार्यालयातून फोन आला.

ज्यांना कंपनीकडून मदत घ्यायची आहे त्यांनी उद्यम क्रमांक बिलावर छापून घ्यावा. ‘उत्पादक’ म्हणून नोंद करावी, कारण नुसत्या व्यापाऱ्याला उशिराच्या पैशाबद्दलचं हे संरक्षण मिळत नाही. आणि कंपन्यांनी मशीनच्या फलकावर जेवढं लक्ष दिलं, तेवढं आपल्या कंत्राटदारांच्या बिलांवर द्यावं. एका महिला गटाचं बिल वेळेवर निघालं तर दहा घरांत त्या आठवड्याचा बाजार होतो.

कंपनीबरोबरचा तीन वर्षांचा करार आता संपला. मॅडमची बदली झाली. इंजिनियर साहेब निवृत्त झाले, पण अजून फोन उचलतात. कँटीनचं कंत्राटही बदललं आणि नवीन माणसाशी आम्ही पहिल्यापासून बोललो: नमुने, दर, वही, सगळं. कंत्राटातली ती ओळ टिकली आहे. लाडवाचा आकार त्याला लहान हवा होता, तो आम्ही केला. शेजारच्या एका कारखान्याच्या कँटीनलाही चटणी सुरू झाली आहे, तिथे कोणाचं सीएसआर नाही, नुसती खरेदी.

फोन करणाऱ्या ताया मला विचारतात, कोणत्या कंपनीकडे अर्ज करू, अर्जाचा नमुना पाठवता का. नमुना मी पाठवते. त्याबरोबर त्यांना एक काम सांगते: तुमच्या भागातल्या कारखान्यात कँटीनचं कंत्राट कोणाकडे आहे आणि ते कोणत्या महिन्यात संपतं, हे आधी तिथे काम करणाऱ्या गावच्या पोरांकडून काढून आणा, मग आपण पुढचं बोलू.